लाकडाला जाताना : मशीन नंतर, पिशवी आधी



गळीत हंगाम सरत आला, फडातला ऊस उचलला गेला, की आपल्या शिवारात दुसरी तोड सुरू होते. ती लाकडाची. होळीपासून मृगापर्यंतच्या तीन महिन्यांत रान मोकळे असते, घरची माणसेही थोडी मोकळी असतात, आणि बांधावरची वाळलेली बाभूळ रोज जाता-येता डोळ्यांत खुपत असते. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, पुष्कळ घरांत गॅसची टाकी पोचली, हे खरे. पण म्हणून सरपण सुटले असे झाले नाही. अंघोळीचे पाणी अजूनही चुलीवर तापते. लग्नाचा स्वयंपाक, गावचा सप्ताह, दुःखाच्या प्रसंगी स्मशानात लागणारे लाकूड, हे सगळे शेवटी बांधावरूनच येते. साखर कारखान्याचा बॉयलर एकदा तापला की बगॅसवर चालतो. पण अग्निप्रदीपनाच्या दिवशी पहिला जाळ लाकडाचाच असतो.

लाकूड तोडायची रीत मात्र बदलली. पूर्वी दोघे जण मोठ्या करवतीला दोन बाजूंनी लागत, नाहीतर कुऱ्हाडीने दिवसभर ठोकत. आता पेट्रोलवर चालणारे साखळीचे मशीन गावोगाव आले आहे. कुणी त्याला ‘चेन सॉ’ म्हणतो, कुणी ‘कटर’, कुणी नुसतेच ‘लाकडाचं मशीन’. कुऱ्हाडीला दिवस लागायचा ते बुंध्याचे काम हे मशीन घटकाभरात उरकते. मशीन घेताना माणूस चार दुकाने फिरतो, किंमत करतो, पात्याची लांबी विचारतो. पण रानात निघताना मशीनबरोबर काय काय न्यायचे याचा विचार फारच थोडे लोक करतात. आणि सांगायचे ते नेमके हेच आहे. मशीन घरी राहिले तर माणूस मुकाट्याने परत येतो. पिशवीतला पाना घरी राहिला तर परत येत नाही, तसेच काम रेटतो. अपघात व्हायला तेवढे पुरते.

‘भागवून घेऊ’ ची सवय

बांधावर होणारे असले बोलणे आपण सर्वांनीच ऐकलेले आहे.

“मामा, साखळी ढिली पडली की. पाना द्या जरा.”

“पाना घरीच राहिला बग. तुझ्या गाडीच्या सीटखाली असंल की एखादा.”

“त्यात दहा-बाराचा हाय. ह्याला तेराचा लागतो.”

“मग राहू दे तिकडं. दोनच बुंधे उरलेत. भागवून घेऊ.”

आपल्याकडे हे ‘भागवून घेणे’ म्हणजे हुशारी समजली जाते. मोटेच्या आणि औताच्या काळात ती खरोखर हुशारीच होती. जू तुटले तर दोरीने बांधून औत चालवता येई, फार तर औत थांबे. पण पूर्ण वेगात या मशीनची साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते. डोळ्याची पापणी लवेपर्यंत तिचे कितीतरी दात एका जागेवरून निघून गेलेले असतात. इथे भागवाभागवी चालत नाही.

पाना नाही म्हणून साखळी ढिली राहिली, तर ती पात्यावरून उतरते. कानस नाही म्हणून साखळी बोथट राहिली, तर माणूस मशीनवर अंगाचा भार टाकतो, आणि लाकूड एकदम सुटले की तोल जाऊन पुढे जातो. पाचर नाही म्हणून पाते बुंध्यात अडकले, तर ते ओढून काढताना मनगट मुरगळते, किंवा त्याच वेळी झाड बसते. टू-टी तेल संपले म्हणून नुसते पेट्रोल घातले, तर इंजीन धरते आणि हजारोंचे मशीन भंगारात जाते. दोर नाही म्हणून अर्धवट कापलेले झाड हाताने ढकलले, तर ते कुठे पडेल ते त्या झाडालाच ठाऊक. एकेक वस्तू किरकोळ आहे, खिशात मावणारी आहे. ती नसल्यावर जे होते ते किरकोळ नाही.

हे मशीन इतके मागते का?

कुऱ्हाडीला काही लागत नाही, मग या मशीनला इतका लवाजमा कशाला, असे जुनी माणसे विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्यासाठी मशीनची थोडी कुळकथा पाहू.

जर्मनीतल्या आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळी करवत तयार केली, आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी. ते पेट्रोलचे मशीन सेहेचाळीस किलोचे होते आणि उचलायला दोन माणसे लागत. आजचे मशीन पाच-सहा किलोचे, एकट्याने उचलायचे. वजन कमी करण्यासाठी इंजीन लहान केले, ते दोन स्ट्रोकचे ठेवले. अशा इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते, म्हणून त्याचे तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावे लागते. तिथून पहिला डबा आला.

साखळीची गोष्ट तर ऊस पिकवणाऱ्याने ऐकावी अशी आहे. सुरुवातीच्या साखळ्यांना करवतीसारखे सरळ दात असत. ते लवकर बोथट होत आणि कानस मारता मारता माणूस थकून जाई. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ साली त्याने लाकूड पोखरणारी एका भुंग्याची अळी निरखून पाहिली. ती अळी उभ्या-आडव्या रेषांची पर्वा न करता डावीकडे एक चावा, उजवीकडे एक चावा घेत लाकडात सरळ पुढे जात होती. कॉक्सने तसेच वळलेले दात साखळीला एकाआड एक डावे-उजवे बसवले आणि १९४७ साली त्या साखळीचा कारखाना काढला. आजच्या साखळ्या त्याच घडणीच्या आहेत. आपल्या उसाला नागवणाऱ्या खोडकिड्याच्या जातभाईकडून माणसाने हे शिकून घेतले म्हणायचे! पण अळीचे जबडे तिचे तीच सांभाळते. साखळीचे दात आपल्याला सांभाळावे लागतात. तिथून कानस आली, आणि साखळीला सतत लागणाऱ्या तेलाचा दुसरा डबा आला.

पेट्रोल आणि दोन तेले

मशीनला दोन तेले लागतात आणि नवखा माणूस इथेच चुकतो. एक टू-टी तेल, जे पेट्रोलमध्ये मिसळायचे. दुसरे साखळीचे तेल, जे वेगळ्या टाकीत भरायचे. दोन्ही टाक्यांची झाकणे सारखीच दिसतात. म्हणून पेट्रोलच्या झाकणावर लाल रंगाचा ठिपका द्या. दहा पैशांचे काम आहे, पण संध्याकाळच्या अंधुक उजेडात उपयोगी पडते.

मिसळायचे प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत दिलेले असते. कुठे पन्नासास एक, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर. कुठे पंचवीसास एक, म्हणजे लिटरला चाळीस मिलिलिटर. शेजाऱ्याच्या मशीनचे प्रमाण आपल्या मशीनला लावू नका. अंदाजाने ‘एक झाकण’ ओतू नका. औषधाच्या बाटलीबरोबर मिळते तसे खुणांचे छोटे माप पिशवीत कायमचे बांधून ठेवा. मिश्रण घरीच करावे, रानात नव्हे.

येथे साखरधंद्याशी निगडित एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या उसापासून निघणारे इथेनॉल आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये मिसळले जाते. वीस टक्क्यांचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. ऊस उत्पादकाला ही अभिमानाची बाब आहे. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. गाडीची टाकी दर आठवड्याला रिकामी होते, तिला त्याचे विशेष वाटत नाही. लाकडाचे मशीन मात्र दोन महिने कोपऱ्यात पडून असते. त्यात राहिलेल्या पेट्रोलात पाणी शिरते, रबरी नळ्या फुगतात, कार्बोरेटर चोंदतो. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतचेच इथेनॉल धरलेले असते. आपल्या मशीनला काय चालते ते विक्रेत्याकडून विचारून घ्या. आणि नियम असा ठेवा : लागेल तेवढेच ताजे मिश्रण करायचे, महिन्याच्या वरचे वापरायचे नाही, आणि काम झाले की टाकी रिकामी करून उरलेले संपेपर्यंत इंजीन चालवायचे.

पेट्रोल न्यायचे कशात? पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत तर मुळीच नाही. तहानलेला गडी किंवा खेळणारे पोर त्या बाटलीला केव्हा तोंड लावेल याचा नेम नसतो. घट्ट झाकणाचा, पेट्रोलसाठीच असलेला डबा घ्या, त्यावर ठळक अक्षरांत ‘पेट्रोल’ लिहा. जेवणाच्या डब्याच्या आणि पाण्याच्या कळशीच्या पिशवीत तो कधीही घालू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. उन्हात डबा फुगतो, म्हणून तो सावलीत ठेवावा आणि झाकण हळूहळू उघडावे.

टाकी भरताना इंजीन बंद करून थोडे निवू द्यावे. जागा मोकळ्या मातीची निवडावी. उसाच्या पाचटावर, वाळल्या गवतावर किंवा गव्हाच्या धसकटांवर गरम मशीन ठेवणे म्हणजे आगीला बोलावणे होय. सांडलेले पेट्रोल पुसावे, आणि जिथे भरले तिथून दहा फूट तरी दूर जाऊन मशीन सुरू करावे. बिडी-काडीवाल्याला तेवढा वेळ लांब बसवावे, मग तो नात्याने मामा असो की चुलता.

साखळीच्या तेलाबाबत पुष्कळ जण ट्रॅक्टरचे काढलेले काळे तेल वापरतात. फुकट मिळते म्हणून. त्यात लोखंडाची बारीक कीस असते, ती तेलाचा पंप खाते. शिवाय साखळीचे तेल परत टाकीत येत नाही, सगळेच्या सगळे मातीत जाते. ज्या बांधावर उद्या तूर लावायची त्याच मातीत. काही जण घरचे करडईचे तेल घालून पाहतात. तेही नको, कारण करडईचे तेल हवेवर सुकून चिकट पापुद्रा धरते. साखळीचेच तेल घ्यावे. पेट्रोलची टाकी भरली की तेलाची टाकीही भरायचीच, एवढे सूत्र पाठ ठेवले तर साखळी कधी कोरडी चालणार नाही.

कानस : ऊसतोड टोळीकडून शिका

आपल्या फडात येणारी ऊसतोड टोळी पाहा. तोडणारा माणूस कोयता घेऊन येतो तशी कानसही घेऊन येतो. मुकादमाने सांगायची वाट तो पाहत नाही. कोयता जरा अडला की बांधावर टेकतो, चार हात मारतो आणि पुन्हा कामाला लागतो. बोथट कोयत्याने दिवस भरत नाही, हे त्याला कळते. मशीनवाल्याला मात्र वाटते, इंजीन आहे ना, कापील.

बोथट साखळी ओळखायची सोपी खूण आहे. धारदार साखळी जाड-जाड ढलप्या फेकते. बोथट साखळी पिठासारखा भुगा काढते, धूर येतो, पाते तापते. पीठ पडू लागले की थांबा. कानस गोल हवी आणि साखळीच्या मापाची हवी. आपल्याकडच्या मध्यम मशीनच्या साखळीला बहुधा ४.८ मिलिमीटरची लागते, लहान मशीनच्या साखळीला ४ मिलिमीटरची. तरी साखळीच्या पाकिटावर पाहून घ्यावे. एका बाजूचे सगळे दात आधी, मग दुसऱ्या बाजूचे. प्रत्येकाला सारखेच, तीन-चार हात. कानस आतून बाहेर ढकलायची, मागे ओढताना उचलायची. हाताला जाड मोजे हवेत.

एक जादा साखळी मात्र पिशवीत असावीच. कारण आपल्या भागातले लाकूड नुसते लाकूड नसते. बांधावरच्या जुन्या बाभळीने कुंपणाची तार केव्हाच गिळलेली असते. रस्त्याकडेच्या कडुनिंबात पाट्यांचे खिळे असतात. जुन्या माळवदाच्या घरांच्या तुळया आणि खांब सरपणाला काढतात, त्यांत तर खिळे असायचेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागातली कितीतरी दगडमातीची घरे कोसळली, आणि त्यानंतर राहिलेली माळवदे लोक भीतीने उतरवत गेले. त्यांतले लाकूड अजून कुणाकुणाच्या गोठ्यात रचलेले आहे. असे लाकूड कापण्यापूर्वी जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक त्यावरून फिरवावा. खिळा फार खोल नसेल तर चुंबक ओढ दाखवतो. एका खिळ्याने अख्खी साखळी जाते, आणि तुटलेला तुकडा कुणाच्या अंगावर जाईल ते सांगता येत नाही.

कुऱ्हाड, पाचर आणि दोर यांना निवृत्ती नाही

मशीन आले म्हणून जुनी हत्यारे घरी ठेवू नका. मशीनचे पाते बुंध्यात अडकले की ते सोडवायला कुऱ्हाडच लागते. फांद्यांची शिरी आणि काटे साफ करायला कोयता किंवा कुऱ्हाड बरी. वेड्या बाभळीच्या काट्यात मशीन घालून उभे राहणे शहाणपणाचे नाही.

पाचरी दोन-तीन असाव्यात. लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या. लोखंडी नको, कारण साखळी तिला लागली की दात उडतात. वाळल्या बाभळीची पाचर घरच्या सुताराकडून करून घ्यावी, ती वर्षानुवर्षे टिकते. झाड ज्या बाजूला पाडायचे तिकडे आधी खाच घ्यावी, मग मागून काप घ्यावा, आणि मधे बिजागरीएवढे लाकूड राखून ठेवावे. त्या बिजागरीवर झाड वळते. मागच्या कापात पाचर ठोकली की पाते अडकत नाही आणि झाड मागे बसत नाही. पाहणाऱ्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर उभे राहावे. पोरेबाळे आणि जनावरे त्याहून लांब.

दोर जाड आणि लांब हवा. तो झाडाला बांधून दुसरे टोक माणसाने कमरेला गुंडाळून धरू नये. घरे, विजेच्या तारा किंवा विहीर जवळ असेल तर ते झाड आपले नव्हे, अनुभवी तोडणाऱ्याचे समजावे. तारेजवळच्या झाडासाठी आधी वीज कंपनीच्या माणसाला कळवून तार बंद करून घ्यावी.

अंगावर काय?

धोतर, उपरणे, लुंगी, गळ्यातला गमछा, मोकळी ओढणी यांपैकी काहीही अंगावर असताना मशीन हातात घेऊ नये. मळणी यंत्राने याबाबत मराठवाड्याला पुष्कळ शिकवले आहे, ते नव्याने शिकायची गरज नाही. अंगाबरोबरची जाड पँट, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि पायात चप्पल नव्हे तर घट्ट बूट. डोळ्यांना चष्मा, डोक्याला हेल्मेट. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानाला झाकण किंवा बोंडे. परदेशात तोडणारे मांडीवर खास कापडाचे आवरण बांधतात. साखळी लागली की त्यातले धागे निघून चाकात गुंततात आणि साखळी जागीच थांबते. आपल्याकडेही ते मिळू लागले आहे. रोज हेच काम करणाऱ्याने त्याला खर्च म्हणू नये.

आणि एक. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येते. म्हणून टोकाने कापायचे नाही, दोन्ही हातांनी धरायचे, आणि खांद्याच्या वर मशीन उचलायचे नाही.

न्यायचे कसे?

पुष्कळ जण मोटारसायकलवर मागे बसून मशीन मांडीवर आडवे धरतात. पाते बाहेर आलेले, साखळी उघडी. खड्ड्यात गाडी आदळली की काय होईल ते सांगायला नको. पात्यावर म्यान हवेच. मशीनबरोबर आलेले हरवले असेल तर जुन्या पाइपचा उभा चिरलेला तुकडा किंवा खताच्या पोत्याची चार पदरी शिवलेली पिशवीही चालते. इथे भागवले तर चालते, कारण ते घरून निघतानाच केलेले असते.

पायी जाताना इंजीन बंद, साखळीचा ब्रेक लावलेला, पात्याचे टोक मागे आणि तापलेला सायलेन्सर अंगापासून दूर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मशीन बांधून ठेवावे, नुसते टाकू नये. लहान वस्तूंसाठी जुनी कापडी पिशवी किंवा पत्र्याची पेटी करावी. पाना, कानस, माप यांना लाल चिंधी बांधावी. पाचोळ्यात पडलेला काळा पाना सापडत नाही, लाल चिंधी लगेच दिसते. साखळी बदलताना खाली एखादे फडके पसरावे, म्हणजे निसटलेली नट मातीत जात नाही. तरीही दोन नट जादा असाव्यात.

पाणी, पट्टी आणि १०८

लाकडाला एकट्याने जाऊ नये. माणशी चार-पाच लिटर पाणी न्यावे आणि भर दुपारचे दोन-तीन तास काम बंद ठेवावे. घामाने हात निसटतो आणि थकलेला माणूस घाई करतो. जुन्या ढिगाऱ्यात घोणस, मण्यार, विंचू असतात. हात घालण्यापूर्वी काठीने हलवावे. झाडाला आग्या मोहोळ आहे का ते आधी वर पाहून घ्यावे, कारण इंजिनाच्या आवाजाने माश्या उठतात.

स्वच्छ सुती कापडाच्या घड्या आणि रुंद पट्ट्या एका पिशवीत बांधून, तेल-पेट्रोलपासून वेगळ्या ठेवाव्यात. जखम झाली तर हळद, माती, तंबाखू भरू नये. कापडाची घडी ठेवून जोराने दाबून धरावे आणि दवाखाना गाठेपर्यंत दाब सोडू नये. रक्ताने घडी भिजली तर ती न काढता वर दुसरी ठेवावी. साप चावला तर चिरू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. माणसाला धीर देऊन, न चालवता दवाखान्यात न्यावे. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. पण रुग्णवाहिकेच्या चालकाला आपला गट नंबर कळत नाही. फाटा, पूल, शाळा अशी खूण सांगावी आणि एक माणूस डांबरी रस्त्यावर उभा करावा. निघण्यापूर्वी मोबाईल भरलेला आहे का, आणि आपण कुठल्या रानात चाललो हे घरी सांगितले आहे का, एवढे पाहावे.

कागदही पिशवीत हवा

आपला बांध, आपले झाड, मग विचारायचे कुणाला, असे म्हणून चालत नाही. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्यानुसार साग, चंदन, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, हिरडा अशी ठरावीक जातींची झाडे स्वतःच्या जमिनीतही लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. झाड वाळले आहे म्हणून परवानगी नको, असे आपणच ठरवू नये. बाभळीसारखी झाडे या यादीत नाहीत. तरी तोडलेला माल रस्त्याने नेण्यापूर्वी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे, आणि मिळालेला कागद मशीनच्या पिशवीतच ठेवावा.

किनवट-माहूरकडच्या सभासदांनी आणखी एक लक्षात ठेवावे. तिकडे शेताला लागून सागाचे राखीव जंगल आहे. भारतीय वन कायदा १९२७ चा आहे, आणि त्याप्रमाणे राखीव जंगलात गुन्हा घडला तर तोडलेल्या लाकडाबरोबर हत्यारे, गाड्या, जनावरेसुद्धा जप्त होतात. सरपणाच्या एका मोळीपायी मशीन आणि ट्रॅक्टर दोन्ही जायचे. हद्दीचा दगड कुठे आहे ते मशीन सुरू करण्यापूर्वी पाहावे.

लातूरकडे तर जंगल जिल्ह्याच्या क्षेत्राच्या एक टक्काही नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस आपण विसरलेलो नाही. बांधावरची झाडे हेच आपले जंगल. म्हणून वाळलेले तोडावे, हिरवे राखावे, आणि एक तोडले तर पावसाळ्यात दोन लावावीत. मशीनने तोड घटकाभरात होते. झाड वाढायला मात्र अजून तेवढीच वर्षे लागतात.

निघण्यापूर्वी पाहा

ही यादी कापून मशीनच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी.

१. मशीन, पात्यावर म्यान, साखळीचा ताण पाहिलेला.
२. मिश्रणाचा डबा, नाव लिहिलेला. टू-टीची बाटली आणि माप.
३. साखळीचे तेल आणि गाळणीचे नरसाळे.
४. पाना, पेचकस, जादा प्लग, जादा नट, ओढायची जादा दोरी.
५. गोल कानस, जादा साखळी, लोहचुंबक.
६. कुऱ्हाड, कोयता, दोन-तीन पाचरी, दोर.
७. बूट, हातमोजे, चष्मा, हेल्मेट, कानाची झाकणे.
८. पाणी, पट्ट्या, भरलेला मोबाईल, सोबतीला माणूस.
९. परवानगीचा कागद.

पिशवी आदल्या संध्याकाळी भरावी, सकाळच्या गडबडीत नव्हे. रानात गेल्यावर यातले काही नाही असे कळले, तर एक तर ते आणायला माणूस पाठवावा, नाहीतर त्या वस्तूवाचून होणारे काम त्या दिवशी सोडून द्यावे. बाभूळ कुठे पळून जात नाही.

शेवटी एक सूचना. हे सगळे सामान एकट्या शेतकऱ्याने घ्यायचे म्हटले तर खिशाला जड जाते, आणि वर्षातून आठ दिवसच लागते. म्हणून तर मशीन घेतल्यावर सामानाला हात आखडतो. एका वस्तीवरच्या पाच-दहा सभासदांनी मिळून हेल्मेट, मांडीचे आवरण, पाचरी, दोर आणि कानशी यांचा एकच संच करावा, तो एका घरी ठेवावा, आणि जो नेईल त्याने मोजून न्यावा, मोजून परत द्यावा. एकट्याला न पेलणारी गोष्ट दहांनी मिळून पेलायची, यावरच तर आपला कारखाना उभा राहिला. तीच रीत या पिशवीला लावली, तर बांधावर ‘भागवून घेऊ’ म्हणायची वेळ कुणावर येणार नाही, आणि लाकडाला गेलेला माणूस दिवेलागणीला धडधाकट घरी येईल.